विहिरीकडच्या दोन ओळी

५ ऑक्टोबर, रविवार

ह्यांच्या वहीत लिहितेय. वही फवारणीची आहे. शेवटची नोंद ११ ऑगस्टची: "बोर्डो, सकाळी. वारा नाही." त्याखाली कोरं. तेरा तारखेला हे गेले. छातीत कळ आली, मेहकरला पोचेपर्यंत संपलं होतं.

छाटणी तोंडावर आली. कोणीतरी तारखा लिहायला पाहिजेत. शाळेत तीस वर्षं हजेरी लिहिली, तारीख टाकायला माझा हात चुकत नाही.

तारीख टाकली. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.


८ ऑक्टोबर, बुधवार

छाटणी झाली. घरातलं माणूस गेलं की त्या सालचं पहिलं काम भाऊबंदांनी करायचं, घरच्या बाईनं कात्री धरायची नाही, अशी आमच्याकडची रीत. सुदामभाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ, आठ माणसं घेऊन उजाडतच आले. त्यांची स्वतःची थॉमसनची, बिनबियांच्या द्राक्षांची बाग आहे, हात बसलेला आहे. मी बांधावर बसले. दहा वर्षं ह्यांच्या शेजारी कात्री धरली, आज चहाची किटली धरली.

"वहिनी, तुम्ही निस्त्या बसा. आमी हाओ ना."

बसले.

माणसांत एक नवा होता, त्यानं विचारलं हा कोणता माल. उत्तर गफूरभाईंनी दिलं. ते बागेत असतातच, वय ऐंशीकडे, बांधावरच्या दगडाला त्यांचा आकार आलाय.

"आमच्या दादाचा, आज्याचा अंगूर हाय हा. आमच्या हिरीवर मांडव होता त्याचा. लोकं म्हणतेत मियाचा अंगूर."

"खायाले कसा हाय?"

"बियाच बिया. साल जाड. आंबट-गोड, आन् मागून तुरट."

"मंग लावला कायले एकरभर?"

"दारू करतेत याची. पांढरी." मग थोडं थांबून, "मी निस्ती काडी देल्ली. काडी हलाल हाय."

सगळे हसले. गफूरभाई हसले नाहीत. हे असते तर सर्वांत मोठ्यानं हसले असते. मी किटली घेऊन पुढच्या ओळीला गेले.


१४ ऑक्टो., मंगळवार

डोळे फुगलेत. काडीवरचे.

भाऊजींच्या घरून डबा परत आला, डाळ तशीच. जाऊबाई फोनवर म्हणाली, ताई मीठ जरा... आणि थांबली. म्हणजे खारट झाली असणार. मी तीच डाळ दोन वेळा जेवले. जिभेला ऑगस्टपासून काही कळत नाही. गोड, तिखट, कडू, सगळं एकच, ओलं किंवा कोरडं. मेहकरच्या डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारली. जिभेत काही नाही म्हणाले. गोळ्या दिल्यात.


२१ ऑक्टो.

दिवाळी. आमच्याकडे यंदा नाही. फराळ भाऊजींकडून आला. चकली कुरकुरली, एवढं कळलं.


२ नोव्हेंबर, रविवार

घड दिसायला लागलेत, हिरवे, बोटाच्या पेराएवढे. भाऊजी ट्रॅक्टरला ब्लोअर लावून आले. मी थर्मास घेऊन गेले तेव्हा ते बादलीजवळ बसून पांढरी पुडी स्पिरिटमध्ये घोटत होते. जीए. थॉमसनला हीच मारतात, घड लांबतो, मणी फुगतो, बाजारात उठून दिसतो.

मला माहीत होतं. ह्यांनी शंभरदा सांगितलं होतं की मियाच्या अंगुराला जीए नाही, आपल्याला फुगवायचं नाही, लांबवायचं नाही. बी राहू द्यायची. बी आहे तर वाईन आहे.

भाऊजी म्हणाले, "दादाचा माल यंदा असा काढतो वहिनी, का निस्तं पाहत राहावं."

मी चहा ओतला. दोन कप.

विहिरीकडच्या दोन ओळींत ट्रॅक्टर वळत नाही. त्या राहिल्या. उद्या पाठपंपानं करतो म्हणाले, पण उद्या त्यांच्या मेहुण्याकडे साखरपुडा आहे.

नोंद: जीए, बाकी सगळ्या ओळी. विहिरीकडच्या दोन नाही.


१९ नोव्हें.

बुडवणी. बायका जीएच्या पाण्याचे मग हातात धरून घड एकेक बुडवत होत्या, गाणी म्हणत. जीएचा पहिला हातच राहिला म्हणून विहिरीकडच्या दोन ओळी भाऊजींनी सोडून दिल्या. घरी होते. खिडकीतून ऐकू आलं.

गफूरभाई बांधावर नव्हते. मोतीबिंदूसाठी खामगावला मुलीकडे गेलेत. असते तर त्यांनी हात धरला असता भाऊजींचा. मी नाही धरला. हे लिहून ठेवते, दुसरं कोणी लिहिणार नाही.


७ डिसेंबर, रविवार

वायनरीचा निखिल आला. नाशिककडचा पोरगा, तिशीतला, ह्यांना काका म्हणायचा. ऑगस्टमध्ये परदेशी होता, आता भेटायला आला. चार वर्षं हे त्याच्या मागे लागले होते, शेवटी गेल्या फेब्रुवारीत वायनरीनं आपला माल घेतला, एका छोट्या टाकीत वेगळा ठेवला. त्याची एक बाटली घेऊन आला. त्यावर लेबल नाही, कागदाची पट्टी आणि मार्करनं आकडा.

"काकू, काकांनी ही चाखली नाही. जूनमध्ये भरली. मी म्हणत होतो कुरिअर करतो, ते म्हणाले मीच येतो."

बाटली चांगली जड आहे.

मग कामाचं बोलला. मालकांना वाईन आवडली आहे. पण ते म्हणतात एका वर्षाची वाईन हा योगायोग असू शकतो. यंदाही तशीच उतरली तर मियाचा अंगूर कायमचा घेणार, लेबलवर, नावानिशी. नाही उतरली तर विषय बंद.

भाऊजी तिथंच होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय आणि त्यात खोट काही नाही: वायनरीनं नाही घेतला तर एप्रिलच्या खरड छाटणीला खोडं गुडघ्याएवढी कापून थॉमसनची कलमं बांधायची. ह्या अंगुराला दुसरं गिऱ्हाईक नाही. गफूरभाईंच्या विहिरीवरचा मांडव रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. म्हणजे जे आहे ते ह्या एकरात.

निखिलला संध्याकाळची गाडी होती, बागेत गेलाच नाही. जीएचं मी बोलले नाही. भाऊजींना बोलण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.


८ डिसें., सोमवार

बाटलीचं काय करायचं. गफूरभाई परत आलेत, डोळ्याला हिरवी पट्टी. सकाळी ओसरीवर मी, भाऊजी आणि ते. मध्ये बाटली.

भाऊजींच्या गळ्यात माळ आहे, ते बाटलीला हातही लावेनात. गफूरभाईंनी हातात घेतली, उजेडात धरली, चांगल्या डोळ्यानं पाहिलं.

"रंग तर आपलाच हाय. पिकल्यावर असाच दिसते."

"तुम्ही चाखा ना मंग," भाऊजी म्हणाले.

"तौबा. तूच चाख."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं माझी जीभ मेलेली आहे.

ह्यांची सगळी हयात ह्या बाटलीत आणि घरात ती पिणारं एक माणूस नाही. फ्रिजच्या दारात ठेवली, दुधाशेजारी. जाऊबाई आली की दूध काढताना पदरानं तोंड झाकते.

निखिलनं नावाचं विचारलं होतं, लेबलवर काय टाकू. गफूरभाईंना विचारलं. म्हणाले, "दादाचं नाव नका टाकू भाभी. अंगूर अंगूर हाय, बाटली बाटली हाय." मग जाता जाता, "निस्तं 'मियाचा' टाकलं तर कोनता मिया हे कोनाले समजते?" म्हणजे काय ते कळलं नाही. हो की नाही.


२२ डिसें.

थंडी. काही नाही.


४ जानेवारी, रविवार

निखिल नमुने घ्यायला आला. मण्यांत आता पाणी उतरलंय, मऊ पडायला लागलेत. ओळीच्या तोंडाशीच थांबला. मग खिशातून पातं काढलं, मणी उभा कापला. दुसरा कापला. पंधरा-वीस कापले, माझ्या हातावर ओळीनं ठेवत गेला.

"काकू, बी कुठाय?"

मण्यात बी नव्हती. पांढरा दोरा, एवढंच. मणी गेल्या वर्षीच्या दुप्पट, लांबट, चकचकीत. भाऊजी मागून अभिमानानं म्हणाले, "पाह्यलं का साहेब? बीच गायब केली."

निखिलला ओरडता येत नाही, तो तसा नाही. त्यानं सांगितलं की फुलोऱ्याआधी जीए बसली की ह्या जातीत बी धरत नाही, मणी पाण्यानं फुगतो, आणि तिचा जो तुरटपणा, जो कणा, तो राहत नाही. हा माल तो घेऊ शकत नाही. खायला चांगला आहे. बाजारात जाईल.

भाऊजींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी पाहत होते.

मग निखिल विहिरीकडे गेला. तिथं मणी लहान, गोल, मळकट हिरवे. कापला. दोन बिया. पुढचा कापला. तीन.

दोन ओळी. तो म्हणाला एवढ्यावर एक अगदी छोटी टाकी निघेल. मालकांना दाखवायला पुरेल. पण तोडणी बरोबर दिवशी व्हायला पाहिजे, इथं चुकायला दुसरा माल नाही.

म्हणजे आता एकराचं जे काय व्हायचं ते ह्या दोन ओळींवर.


६ जाने., मंगळवार

भाऊजी आले. पायरीवर बसले, वर आले नाहीत. टोपी हातात.

"वहिनी, मले वाटलं दादाचा माल लय भारी काढून दाखवीन. लोकं म्हनतीन सुदामनं भावाची बाग सांभायली."

"मी तिथंच होते भाऊजी. पुडी घोटत होते तुम्ही, तवा."

"तुमाले मायीत होतं?"

"हो."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

तोंड उघडायला जे लागतं ते त्या दिवशी नव्हतं. मला त्या वेळी बागेचं काही वाटलं नाही, वाईनचं नाही, ह्यांचं नाही. चहा गार होईल एवढंच डोक्यात होतं. हे त्यांना कसं सांगायचं?

ते उठून गेले. दहा पावलांवरून परत आले, पायरीवर राहिलेला रुमाल घेतला.

चूक भाऊजींची नाही. हातांना जे येतं ते त्यांनी मायेनं केलं. चूक माझी आहे आणि मला तिचंही काही वाटत नाही. रडू तर नाहीच. तेराव्यालाही आलं नाही, बायका कुजबुजल्या होत्या.


१४ जाने.

संक्रांत. वाण द्यायला कोणी आलं नाही. येणारही नाही आता. गफूरभाईंच्या सुनेनं तिळाचे लाडू पाठवले, तिला आपल्या रीतीभाती पाठ नाहीत. दोन खाल्ले.


२५ जाने., रविवार

दुपारी फ्रिज उघडला आणि बाटली काढली. का ते माहीत नाही. बूच काढायचं यंत्र निखिलनं सोबत दिलंच होतं, ह्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. अर्धं बूच आत पडलं. गाळणीनं गाळून स्टीलच्या वाटीत घेतली. घरात काचेचे ग्लास आहेत पण ते पाहुण्यांचे.

आयुष्यात पहिल्यांदा. दार लावून घेतलं होतं.

गार. ओलं. गळ्याखाली थोडं गरम.

बस एवढंच. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात फिरवला, हे विहिरीचं पाणी खारट झालंय का बघायला फिरवायचे तसा. काही नाही. ह्यांनी बारा वर्षं काड्या जगवल्या, लोकांचं ऐकून घेतलं, भावाशी वाद घातला, आणि मला त्यातलं गार आणि ओलं एवढंच कळलं. वाटी धुऊन पालथी घातली.

बूच परत बसेना. प्लास्टिक आणि रबर बँड.


८ फेब्रुवारी, रविवार

फुगलेला माल भाऊजींनी उतरवला. सगळा मेहकरला गेला आणि दुपारपर्यंत संपला. व्यापारी फोन करून विचारतोय आणखी आहे का. बी नाही, साल पातळ झाली, गोड आहे म्हणतात. गावातली पोरं ओंजळी भरून खातायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मियाचा अंगूर लोकांना आवडला.

गफूरभाईंना एक घड दिला. कवळीनं हळूहळू खाल्ला, सगळा.

"चांगला हाय," म्हणाले. "आपला नाई हा. पन चांगला हाय."

घडाचा दांडा बराच वेळ हातात धरून बसले होते.

भाऊजी आता काही म्हणत नाहीत, पण कलमांची काडी जालन्याहून सांगून ठेवली असणार. मीही त्यांच्या जागी असते तर सांगितली असती.


१२ फेब्रु., गुरुवार

विहिरीकडे गेले. तोडणी कधी करायची ते हे कसं ठरवायचे, आठवलं. वायनरीवाले यंत्रानं गोडी मोजतात. हे मणी तोंडात टाकायचे, रस गिळायचे, आणि बी दाढेखाली घ्यायचे. कच्ची बी दबते, चिकटते. पिकलेली फुटते, फुटाण्यासारखी, कट्ट. दहा वेलींवरचे दहा मणी, दहातले नऊ फुटले की तोडायचं. गोडी आधी येते, बी मागून, म्हणायचे, आणि मागचं येईपर्यंत थांबायचं. हे शिकले गफूरभाईंकडून, ते त्यांच्या दादाकडून.

गफूरभाईंना म्हटलं तुम्हीच सांगा.

"भाभी, कवयीनं बी नाई फुटत. दोनदा पाह्यलं, कवयीच फुटली. तुमचे दात हाएत ना?"

आहेत. एक दाढ सोडून सगळे आहेत.

"मंग तुम्हीच."

म्हटलं मला चव कळत नाही. तर म्हणाले, "चव कोन विचारून राह्यलं?"

दहा मणी. एक फुटला.


१६ फेब्रु.

दहातले दोन.


१९ फेब्रु., गुरुवार

तीन. गफूरभाईंचा पहिला रोजा. दगडावर बसून असतात, ओठ कोरडे. नुसते मणी मोजतात, माझ्या तोंडाकडे पाहतात. मी मान हलवते, ते बोटं मुडपतात.

जाऊबाई म्हणाली ताई, तुम्ही दोघं काय करता तिथं रोज. म्हटलं शाळा भरवतो.

बऱ्याच दिवसांनी बोलण्यात असं काही आलं. ती हसली पण.


२१ फेब्रु., शनिवार

निखिल आला. यंत्रात रस टाकला, डोळ्याला लावलं, खूश झाला. गोडी पुरेशी आहे. उद्या सकाळी तोडू म्हणाला. शिवाय मोबाईलवर दाखवलं, मंगळवारी पावसाचा अंदाज आहे, वाऱ्यासकट, आपल्याच पट्ट्यात. पिकल्या मण्यावर पाऊस पडला की मणी तडकतो, दोन दिवसांत कुजतो.

मी दहा मणी घेतले. पाचच फुटले. बाकीचे दाढेला चिकटून बसले.

म्हटलं, "नाही. मंगळवारी."

निखिल, भाऊजी, गफूरभाई, तिघंही माझ्याकडे पाहत राहिले. मीही, म्हणजे मलाही तो शब्द तोंडातून पडल्यावर ऐकू आला.

"काकू, मंगळवारीच पाऊस आहे."

"दुपारनंतर दाखवतंय. पहाटे तोडू."

"अंदाज आहे तो. आधीही येऊ शकतो. आणि मालकांना काय सांगू मी?"

"सांग, बाईची दाढ नाही म्हणते."

भाऊजींनी हात जोडले, खरोखर जोडले. "वहिनी, माह्याच्यानं एकडाव गेलं. आता हे दोन ओयी तरी जाऊ देऊ नका. आज हाय ते पदरात घ्या."

ते चूक बोलत नव्हते. उद्या तोडली तर वाईन होईल. बरी होईल. मालकांना बरी वाईन पुष्कळ ठिकाणी मिळते.

गफूरभाईंना विचारलं. "मले नका इचारू, मी रोज्यात हाओ," म्हणाले. पण एक मणी तोडून सूर्याकडे धरला, आतल्या बिया दिसतात का पाहिलं, आणि भाऊजींना म्हणाले, "सुदाम, नवंबरात त्या बोलल्या नाई म्हून तूच नाराज हायस ना? आता बोलून राह्यल्या तं आयक."

भाऊजींनी टोपी घातली. निखिल मेहकरला लॉजवर थांबतोय, सोमवारी रात्रीपर्यंत वायनरीची गाडी रिकामे क्रेट घेऊन येते म्हणाला, मंगळवारी पहाटे चारला बागेत.


२२ फेब्रु., रविवार

सात. उन्हात आज दुपारी विहिरीचं पाणीसुद्धा कोमट वाटलं. ढग नाही. भाऊजी स्वतः येऊन दोन ओळींवर जाळी बांधून गेले, पाखरांसाठी. चहा घेतला.


२३ फेब्रु., सोमवार

सकाळी आठ. दुपारी परत गेले, मला राहवलं नाही. नऊ. दहावाही फुटला असता, मी गिळला घाईत. गफूरभाईंनी नऊ बोटं वर केली आणि दहावं तसंच धरून ठेवलं. मी मान हलवली.

निखिलला फोन केला, पहाटे चार नक्की. आठ माणसं भाऊजींनी सांगितलीत, तीच छाटणीची. कात्री मी धरणार. रीत पहिल्या कामाची होती, ते झालं. कोणी काही म्हणालं नाही.

आता साडेपाच वाजलेत. वारा सुटलाय. जालन्याच्या बाजूनं ढग वर येतायत, सकाळी अजिबात नव्हते. अंदाज उद्या दुपारचा होता. मोबाईलवर पुन्हा पाहिलं तर आता "आज रात्री" दाखवतंय. आत्ताच तोडू का म्हणून निखिलला फोन लावला, गाडी आणि क्रेट दोन्ही अजून वाटेत आहेत, आणि तापलेला माल क्रेटशिवाय ढिगात टाकला तर पहाटेपर्यंत आंबतो. भाऊजींनी ताडपत्री काढली, घरातली, ट्रॅक्टरची, जाऊबाईच्या वाळवणाची सुद्धा. दोघं-तिघं माणसं घेऊन तारांवर टाकतायत. गफूरभाई टोक धरून उभे आहेत, रोजा सुटायला अजून वेळ आहे. मलाही हाक मारली. दोन मिनिटांत येते म्हटलं.

मला भीती वाटतेय. खूप वाटतेय. दोन ओळी आहेत फक्त. शनिवारी तोडायला हवी होती का. मी हट्टानं थांबवलं आणि तेही गेलं तर ह्यांना कोणत्या तोंडानं... कोणाला. ह्यांना. अक्षर बघा कसं येतंय. ऑगस्टपासून असं काही झालं नव्हतं.

धीर यावा म्हणून चहा केला. एक घोट घेतला आणि ओतून दिला, फार गोड लागला. पुन्हा टाकलाय, सगळ्यांसाठी, थर्मासभर. उतू जाईल, उठते.